घर पाहताना विजेच्या पॅनेलसमोर

व्यापारी घराण्यात वाढलेल्या माणसाला माल हाताने पारखण्याची सवय लहानपणापासून लागलेली असते. मूठभर धान्य तळहातावर पसरून, गुळाच्या ढेपेचा खडा फोडून, कापडाचा पदर दोन बोटांत चुरून पाहिल्याखेरीज तो सौदा करीत नाही. सराफी पेढीवर तर कसोटीचा दगडच ठेवलेला असतो. या सवयीने पिढ्यान्‌पिढ्या अनेकांना फसवणुकीपासून वाचविले आहे. घर विकत घेतानाही ती कामी येते. भिंतीवर टिचकी मारली की प्लास्टर पोकळ आहे की भरीव हे कळते, दाराची चौकट नखाने टोकरून वाळवीचा अंदाज घेता येतो, नळ सोडून पाण्याचा जोर पाहता येतो. मात्र त्याच घरात एक जागा अशी असते, की जिथे हात पुढे करून पारखणे जिवावर बेतू शकते. ती जागा म्हणजे जिन्याखाली, पडवीत किंवा स्वयंपाकघराच्या दाराआड बसविलेले विजेचे पॅनेल.

घरखरेदीसाठी बँकेचे कर्ज घेतले जाते तेव्हा कागदांची तपासणी कसून होते. वकील मागील ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घेतो. मूल्यांकनकार येऊन खोल्यांची मापे घेतो, बांधकामाचे वय आणि उरलेले आयुष्य अंदाजाने लिहितो. मालमत्ता पत्रक, कराच्या पावत्या, मंजूर नकाशा या सर्वांच्या प्रती धारिकेत लागतात. त्याच धारिकेत विजेचे बिलही असते. पण ते ताब्याचा आणि पत्त्याचा पुरावा म्हणून. ते बिल ज्या तारांतून वाहणाऱ्या विजेचे, त्या तारा कोणत्या अवस्थेत आहेत, हे पाहण्याची जबाबदारी या साऱ्या व्यवहारात बहुधा कोणावरच नसते. मग खरेदीदार स्वतःच पाहणीला निघतो. सोबत वडील, धाकटा भाऊ, मेहुणे आणि मुले असतात. पॅनेलचे दार उघडले जाते, मोबाइलची विजेरी आत धरली जाते, आणि कोणीतरी सहज एखादी तार बोटाने हलवून पाहतो.

ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत अशा कुटुंबांना तिकडची पद्धत ऐकून ठाऊक असते. तिथे घर घेण्यापूर्वी व्यावसायिक तपासनीस बोलावण्याचा प्रघात आहे. अशा तपासनीसांची एक राष्ट्रीय संस्था १९७६ साली स्थापन झाली आणि तपासणीत काय पाहावे, काय पाहण्याचे बंधन नाही, याची नियमावली तिने घालून दिली. पॅनेलचे झाकण काढून आतील जोडण्या पाहणे हा तिथल्या तपासणीचा नेहमीचा भाग आहे. तरीही पॅनेलला गंज चढलेला असेल, पाण्याचे ओघळ दिसत असतील किंवा झाकण काढणे धोक्याचे वाटत असेल, तर ते न काढता कारण अहवालात लिहून मोकळे होण्याची मुभा त्या प्रशिक्षित माणसालाही असते. आपल्याकडे अलीकडे पुण्या-मुंबईत अशी सेवा मिळू लागली असली, तरी बार्शी, जालना, सांगली, इचलकरंजी अशा गावांतील जुन्या घराची पाहणी आजही कुटुंबातील वडीलधारे आणि ओळखीचा वायरमन यांच्याच भरवशावर होते. म्हणूनच पॅनेलसमोर उभे राहताना काय घडत असते, हे त्या वडीलधाऱ्यांना नीट माहीत असावयास हवे.

सर्वांत मोठा गैरसमज मेन स्विचबाबत आहे. खटका खाली ओढला, घरातले दिवे गेले, पंखे थांबले, म्हणजे पॅनेल निर्जीव झाले असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. वीज खांबावरून किंवा जमिनीखालच्या केबलमधून घराच्या दारी येते, कंपनीच्या फ्यूजमधून मीटरमध्ये जाते, मीटरमधून मेन स्विचमध्ये येते आणि तिथून पुढे घरभर वाटली जाते. मेन स्विच बंद केला की त्याच्या पुढचा भाग तुटतो. मागचा भाग, म्हणजे मीटरकडून येणारी तार आणि ती जिथे स्क्रूखाली आवळलेली असते ते टोक, पूर्वीइतकेच जिवंत राहते. तिजोरीला कुलूप लावल्याने बाहेर पैसे मिळत नाहीत, पण आतली रोकड नाहीशी होत नाही, तसाच हा प्रकार आहे. सदनिकेतील पॅनेल पूर्ण मृत करावयाचे तर तळमजल्यावरच्या मीटर खोलीतील खटका बंद करावा लागतो; आणि मीटर खोलीतील टोके मृत करावयाची तर ते काम वीज कंपनीच्याच माणसाचे. मीटरचे सील तोडण्याचा अधिकार घरमालकाला नाही, वायरमनलाही नाही.

त्यातही येणारी तार नेहमी वरच्याच बाजूने येते असे गृहीत धरता येत नाही. बहुतेक पॅनेलांत ती वरून येते हे खरे. परंतु जागेच्या सोयीसाठी ती खालून आणून जोडलेली उदाहरणेही असतात. तारांच्या रंगांवरही विसंबता येत नाही. तांबडी, पिवळी व निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, ही आपल्याकडची रूढ पद्धत. पण जुन्या घरात दुरुस्ती करणाऱ्याने हाताशी जो रंग असेल तो वापरलेला असतो. शिवाय न्यूट्रलची तार पुढे कुठे तुटलेली असेल, तर उपकरणांतून परतलेला दाब तिच्यावर येतो आणि निरुपद्रवी समजली जाणारी काळी तारही झटका देते.

एका वाटेने येणारा पुरवठा बंद केला, तरी दुसऱ्या वाटेने वीज येऊ शकते, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावयास हवी. कारण अशा दुसऱ्या वाटा त्यांच्याच घरांत अधिक असतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, ही आपल्या पेठांमधील जुनी रचना. दुकानाचा मीटर व्यापारी दराचा, घराचा मीटर घरगुती दराचा. वर्षानुवर्षांत कधीतरी दुकानातून एक तार जिन्यावाटे वर गेलेली असते, गोदामातल्या एका दिव्याला घराची लाइन दिलेली असते, आणि ज्याने ती दिली तो कारागीर आता हयातही नसतो. पाहणीच्या वेळी घराचा मेन स्विच बंद केला जातो, सर्व दिवे जातात, आणि तरीही पॅनेलमधील एक तार दुकानाच्या मीटरवर जिवंत राहते. ती कोणती हे बाहेरून ओळखण्याचे साधन नसते. (याला एक आर्थिक बाजूही आहे. घरगुती जोडणीवरून दुकान चालविणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. खरेदीनंतर भरारी पथक आले, तर नोटीस नव्या मालकाच्या हाती पडते.)

दुसरी वाट इन्व्हर्टरची. मुख्य पुरवठा बंद होताच तो आपोआप सुरू होतो आणि दिव्यांच्या व पंख्यांच्या तारांत पुन्हा २३० व्होल्टची वीज सोडतो. मेन स्विच खाली असताना एखादा दिवा चालू राहिला, तर इन्व्हर्टर आहे हे कळते. पण सर्व बटणे बंद असतील तर तेही कळत नाही. म्हणून पाहणीच्या आरंभीच घरात इन्व्हर्टर, जनरेटर किंवा सौर संच आहे का, हे विचारून घ्यावे. जनरेटरच्या बाबतीत एक घातक पद्धत काही गोदामांत आढळते. योग्य चेंजओव्हर स्विच न बसविता जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्येच खोचली जाते. त्यामुळे ती वीज उलट्या मार्गाने मीटरमधून बाहेर खांबापर्यंत जाऊ शकते आणि पुरवठा बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा बळी घेऊ शकते. अशी रचना दिसली, तर ते घर घ्यावयाचे की नाही हा विचार नंतर करावा. आधी ती वायर विक्रेत्याकडून काढून टाकविण्याचा आग्रह धरावा.

छतावरील सौर संचांची संख्या २०२४ च्या सूर्यघर योजनेनंतर गावोगाव वाढते आहे. त्यांचा स्वभाव याहून वेगळा. बाहेरची वीज गेली की ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर आपले उत्पादन थांबवितो, आणि तसेच अपेक्षित आहे. परंतु छतावरील पॅनेलांपासून इन्व्हर्टरपर्यंत येणाऱ्या तारांमध्ये ऊन आहे तोवर वीज असतेच. घरगुती संचातही हा दाब कित्येकदा काही शे व्होल्ट असतो आणि तो एकदिश प्रवाहाचा असल्याने त्यात पेटलेली ठिणगी सहज विझत नाही. सूर्य हा असा उत्पादक आहे, की त्याचा खटका घरात कुठेच नसतो.

आता मानवी देहाचा हिशेब. ६० वॅटचा जुना बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. हातातून साधारण १० ते २० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागला, की स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडावयाची म्हटली तरी सुटत नाही. सुमारे ५० मिलिअँपिअर, म्हणजे त्या बल्बच्या पाचव्या हिश्शाइतका प्रवाह काही क्षण छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. पॅनेलमधील सर्वांत लहान दिव्यांचा एमसीबी बहुधा ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा असतो. त्याच्या दृष्टीने ५० मिलिअँपिअर ही दखल घेण्याजोगी रक्कमच नाही. एमसीबी हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. घरात एमसीबी बसविलेले आहेत, तेव्हा काळजीचे कारण नाही, हे विक्रेत्याचे किंवा दलालाचे वाक्य कानावर आले, की हा हिशेब आठवावा.

माणसाच्या रक्षणासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण असते. घरासाठीचे उपकरण ३० मिलिअँपिअरचे असते. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत तेवढी तफावत दिसताच, सेकंदाच्या अल्पांशात ते पुरवठा तोडते. हिशेबनिसाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. जमा आणि नावे यांचा मेळ बसला नाही, की पेढी बंद. मात्र या पहारेकऱ्याच्याही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्या माणसाच्या बाबतीत जमा-नावे जुळतात. माणूस जळतो आणि उपकरण स्वस्थ राहते. आरसीसीबीच्या आधीच्या टोकांना, म्हणजे मीटरकडून येणाऱ्या तारांना स्पर्श झाला, तर त्याला ते कळतही नाही. उघड्या पॅनेलमध्ये हात घालणारा माणूस नेमका या दोन्ही संकटांच्या टप्प्यात असतो.

झटक्याव्यतिरिक्त आणखी एक धोका ठिणगीचा आहे. दोन फेजच्या टोकांमध्ये, किंवा फेज आणि पत्र्याच्या पेटीमध्ये, एखादी धातूची वस्तू आडवी पडली, तर हजारो अंश तापमानाचा झोत उसळतो आणि वितळलेल्या तांब्याचे थेंब चेहऱ्यावर उडतात. तीन फेजच्या जोडणीत दोन फेजमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो आणि दुकानांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या व गोदामांच्या पॅनेलांत तो नेहमीच असतो. या अपघाताला तार हाताने धरावीही लागत नाही. घराची मापे घेण्यासाठी आणलेला पोलादी टेप, गळ्यातून पुढे लोंबलेली सोन्याची साखळी, हातातले कडे, वाकून पाहताना खिशातून घरंगळलेली किल्ली, यांपैकी काहीही पुरते. कपाटासाठी भिंतीचे माप घेताना टेपचे टोक शेजारच्या उघड्या पॅनेलकडे झेपावले, असे दृश्य अगदी साधे आहे. माप घ्यावयाचे असेल तर पॅनेलचे दार आधी बंद करावे, किंवा शिंपी वापरतो ती कापडी पट्टी न्यावी.

तर मग पाहावे कसे? हात लांब केला तरी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभे राहावे आणि डोळे, कान व नाक यांचा उपयोग करावा. पॅनेलखालची फरशी कोरडी आहे का, हे सर्वांत आधी. आपल्या रिवाजाप्रमाणे घरात शिरताना पादत्राणे दारातच निघतात, आणि खरेदीदार अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभा राहून पॅनेल न्याहाळतो. ही मर्यादा मोडण्याचे कारण नाही. घरधन्याची परवानगी घेऊन स्वच्छ, कोरड्या रबरी चपला त्या जागेपुरत्या घालाव्यात. चपलांमुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. अंगावर घाम असेल, केस किंवा कपडे पावसाने भिजलेले असतील, तर पॅनेल पाहणे दुसऱ्या दिवसावर टाकावे; ओल्या त्वचेतून प्रवाह कितीतरी सहज वाहतो. लहान मुलांना त्या खोलीतच येऊ देऊ नये. पाहणारा एकच असावा, बाकीच्यांनी मागे थांबावे, कारण मागून लागलेला एक धक्का पुरेसा असतो. प्रकाशासाठी विजेरी दुरून धरावी. मोबाइल आत घालून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. आजचे कॅमेरे चार फुटांवरूनही एमसीबीवरचा आकडा स्पष्ट टिपतात.

या अंतरावरून दिसते ते थोडे नसते. झाकणाचा किंवा एमसीबीचा पांढरा रंग एखाद्या ठिकाणी पिवळट-तपकिरी झालेला असेल, तर तिथे जोडणी सैल आहे आणि ती तापते आहे. जळक्या प्लास्टिकचा किंवा बॅकेलाइटचा वास येत असेल, सतत गुणगुण अथवा चरचर ऐकू येत असेल, तर अंदाज तोच. पेटीच्या वरच्या कडेवरून खाली आलेला गंजाचा ओघळ वरच्या स्नानगृहातील गळतीची साक्ष देतो. अशा पॅनेलपासून दूर व्हावे आणि त्याचे दारही उघडू नये. चिनी मातीचे जुने किटकॅट फ्यूज लाकडी फळीवर दिसले, तर वायरिंग कित्येक दशकांचे असावे. त्या फ्यूजमध्ये योग्य तार आहे की कोणी जाड तांब्याचे वेटोळे घालून ठेवले आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पण त्यासाठी फ्यूज उपटून पाहू नये, ते वायरमनसाठी ठेवावे. एमसीबीवर सी १६, सी ३२ असे आकडे छापलेले असतात. ३२ च्या एमसीबीतून अडीच चौरस मिलिमीटरची बारीक तार निघत असेल, तर तार जळेपर्यंत रक्षक झोपलेला राहील. तारेची जाडी नजरेने ठरविता येत नाही, म्हणून आकडे टिपून घ्यावेत आणि तार कोणती आहे ते विचारावे. आरसीसीबी आहे का, हे त्यावरील टी अक्षराच्या छोट्या बटणावरून ओळखता येते. ते बटण दाबून पाहावयाचे असेल, तर घरातील संगणक आदी आधी बंद करवून, पॅनेलचे आतले झाकण जागेवर असताना, घरधन्याने स्वतः कोरड्या हाताने दाबावे. बटण दाबून पुरवठा तुटला नाही, तर ते उपकरण केवळ शोभेचे आहे.

आणखी एक खूण जैन कुटुंबाच्या नजरेतून सुटू नये. एमसीबींच्या रांगेतली मोकळी घरे झाकलेली आहेत का, आणि भिंतीतून नळ्या जिथे पेटीत शिरतात तिथली छिद्रे बुजविलेली आहेत का, ते पाहावे. ऊब मिळते म्हणून मुंग्या, पाली व झुरळे याच वाटेने आत शिरतात. दोन टोकांमध्ये पाल अडकून ती मरते आणि घराचा पुरवठाही जळतो, हा प्रकार पावसाळ्यात नवा नाही. मोकळ्या घरांसाठी प्लास्टिकच्या अगदी स्वस्त टोप्या मिळतात. पुरवठा बंद करून वायरमनकडून त्या बसवून घेतल्या, नळ्यांची तोंडे बुजविली, की जीवदयाही साधते आणि घरही सुरक्षित राहते. आत शिरलेल्या जीवांना हाकलण्यासाठी पॅनेलमध्ये फवारा मारणे दोन्ही दृष्टींनी गैर आहे. त्यातील द्रव आणि ज्वलनशील वायू ठिणगीची वाटच पाहत असतात.

इतके पाहिल्यावर उरते ते उघडून, मोजून, आवळून पाहण्याचे काम, आणि ते परवानाधारक ठेकेदाराच्या माणसाचे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता घरातील विद्युत काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे, असा नियम फार पूर्वीपासून आहे. हा माणूस मेगरने तारांच्या आवरणाची परीक्षा करतो, अर्थिंगचा रोध मोजतो, सैल स्क्रू आवळतो. चांगला कारागीर ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पुरवठा बंद केल्यावर तो लगेच हात घालीत नाही. आपले तपासणीचे उपकरण आधी जिवंत असलेल्या जागी लावून ते चालते याची खात्री करतो, मग बंद केलेल्या टोकांवर लावतो, आणि पुन्हा एकदा जिवंत जागी लावून पाहतो. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरमधला निऑनचा दिवा लागला नाही, एवढ्यावर जो विसंबतो त्याला थांबवावे. तो दिवा पेटण्यासाठी माणसाच्या शरीरातून सूक्ष्म प्रवाह जमिनीकडे जावा लागतो. लाकडी स्टुलावर उभे राहिले, किंवा बाहेर लख्ख ऊन असले, की वीज असूनही तो दिसत नाही.

याच कारागिराच्या बाबतीत आपल्या समाजातील एक सवय बोचते. दुकानाची वेळ असते, गिऱ्हाईक समोर असते, संगणकावर बिल अर्धवट असते, आणि शेठजी सांगतात, ‘लाइन बंद करू नका, चालूवरच करून टाका, दहा मिनिटांचे तर काम.’ रोजंदारीचा तरुण मुलगा नाही म्हणू शकत नाही. विजेत तेजस्कायाचे जीव मानावेत की नाहीत, याविषयी आपल्या परंपरांत मतभेद आहेत आणि आचार्यांनी त्यावर सविस्तर लिहिले आहे. त्या स्टुलावर उभ्या असलेल्या पंचेंद्रिय मनुष्याबद्दल मात्र कोणताही मतभेद संभवत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. आदान-निक्षेपण समिती, अर्थात वस्तू उचलताना व ठेवताना पाळावयाची दक्षता, साधूंना सांगितली आहे. गृहस्थाने जयणा म्हणून तिचा जो अंश पाळावयाचा, त्यात सकाळी दुकान उघडण्याच्या आधी अर्धा तास वायरमनला बोलावणे सहज बसते. विक्रीत अर्ध्या तासाची तूट येत नाही, आणि आली तरी ती खतावणीत मावते.

काम चालू असताना बंद केलेल्या खटक्याजवळ घरातील एक जबाबदार माणूस उभा ठेवावा, किंवा खटक्याच्या पेटीला कुलूप लावून किल्ली वायरमनच्याच खिशात द्यावी. वर काम चालले आहे हे ठाऊक नसलेले आजोबा स्नानाहून येतात, दिवा लागत नाही म्हणून पॅनेलपाशी जातात आणि खाली पडलेला खटका वर करतात. यात त्यांचा दोष कोणता? त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मीटर खोलीत तर शेजारी दहा जणांचे खटके असतात आणि त्यांवरील नावे दोन मालकांपूर्वीची असतात. खटका पुन्हा लावताना लावणाऱ्याने पॅनेलच्या अगदी समोर न राहता बाजूला उभे राहावे आणि तोंड दुसरीकडे वळवावे. दोष शिल्लक असेल तर ठिणगी त्याच क्षणी, आणि समोरच्या दिशेने उसळते.

आणि तरीही कोणी चिकटलेच, तर त्याला हाताने ओढू नये. ओढणाराही त्याच प्रवाहाचा वाटेकरी होतो. प्रथम खटका बंद करावा. तो सापडत नसेल, तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या स्टुलाने त्याला तारेपासून दूर ढकलावे. श्वास चालू नसेल तर छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. माणूस लगेच उठून बसला, बोलू लागला, तरीही त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. तुटून पडलेली तार किंवा ठिणग्या टाकणारा खांब यांची तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते.

व्यवहाराच्या कागदांत या साऱ्याची जागा कुठे, हे शेवटी पाहावे. साठेखतात विद्युत तपासणीचे एक कलम घालण्यास विक्रेता सहसा हरकत घेत नाही. कारण त्याचा खर्च घराच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. परवानाधारकाचा लेखी अहवाल उर्वरित रक्कम देण्यापूर्वी मिळावा, त्यात मेगर व अर्थिंगचे आकडे तारखेसह असावेत आणि दुकान व घर यांच्या मीटरांवरील तारा एकमेकींत मिसळलेल्या नाहीत, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. मीटर नावावर करून घेताना मंजूर भार किती आहे, तेही बिलावर पाहावे. जुन्या घराचा भार दिवे-पंख्यांपुरता घेतलेला असतो आणि नवे कुटुंब दोन वातानुकूलन यंत्रे व गिझर घेऊन येते. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, इन्व्हर्टर कुठे आहे, सौर संचाचा खटका कुठे आहे, याचा तक्ता वायरमनकडून मराठीत लिहवून घ्यावा आणि तो पॅनेलच्या दाराच्या बाहेरच्या बाजूला चिकटवावा, म्हणजे तो वाचण्यासाठी दार उघडावे लागणार नाही.